डायव्हर्जंट: दोन पुस्तकांनी जीव लावला आणि तिसऱ्याने पाणी फिरवलं

आधीच सांगते, पुढे शेवटासकट सगळं येणार आहे, त्यामुळे ज्यांनी ही सिरीज आत्ता कुठे वाचायला घेतलीये त्यांनी इथेच थांबा, पुस्तकं संपवा आणि मग या.

मी २०१७ च्या दहावीच्या बॅचची. त्याआधीच्या दिवाळीत पुण्याची मावसताई आमच्याकडे कराडला आली होती, तिच्या बॅगेत व्हेरॉनिका रॉथचं डायव्हर्जंट होतं, कव्हरवर आगीचा गोल आणि खाली शहर. तिचं वाचून झालं होतं म्हणून मला देऊन गेली, जाताना बजावून गेली की बोर्ड झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मी त्याच रात्री उघडलं. तोपर्यंत इंग्लिश पुस्तक म्हणजे सिलॅबसमधलं एवढंच माहीत होतं, अख्खी कादंबरी स्वतःहून कधी वाचली नव्हती, पहिली वीस पानं शब्द अडत होते आणि मग कधी अडायचे थांबले ते कळलंच नाही.

सुरुवात आठवते का? बिएट्रिसच्या घरात एकच आरसा आहे, तोही सरकत्या फळीमागे लपवलेला, आणि दर तीन महिन्यांनी आई तिचे केस कापते त्या दिवशीच तिला त्यात बघायची परवानगी. बस एवढंच. बाकी मारामाऱ्या, ट्रेनमधून उड्या वगैरे सगळं नंतर येतं, पण मी त्या आरशापाशीच अडकले. सोळा वर्षांची मुलगी, स्वतःचा चेहरा चोरून बघते आणि आईच्या ते लक्षात येतं पण ती रागवत नाही. मला वाटलं, हिला माहितीये आपण काय असतो या वयात.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. उद्ध्वस्त झालेलं शिकागो, त्यात पाच गट. निःस्वार्थी ॲब्निगेशन, शांतताप्रिय ॲमिटी, खरं बोलणारे कँडर, शूर डॉन्टलेस आणि अभ्यासू एर्युडाइट. सोळाव्या वर्षी टेस्ट होते, तुझा कल कुठे ते सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर निवड करायची, ती आयुष्यभराची. घर सोडून दुसरा गट निवडलास तर आईबाप तुटले. बिएट्रिसच्या टेस्टमध्ये एक उत्तर येतच नाही, तीन येतात, आणि टेस्ट घेणारी बाई घाबरून तिला सांगते की हे कुणालाही बोलू नकोस, तू डायव्हर्जंट आहेस.

आता गंमत म्हणा नाहीतर योग म्हणा, त्याच वर्षी आमचीही कलचाचणी झाली. बोर्डाने दहावीच्या मुलांसाठी ती आदल्याच वर्षी, म्हणजे २०१६ ला सुरू केली होती. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये रांगेने बसवलं, स्क्रीनवर एकामागून एक प्रश्न, तुम्हाला हे करायला आवडेल की ते. शेती, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, कला, असे रकाने होते आणि त्यात गणवेशधारी सेवा असाही एक होता, म्हणजे पोलीस, आर्मी वगैरे, तो वाचून माझ्या अंगावर काटा आला कारण माझ्या डोक्यात लगेच डॉन्टलेस. शेजारच्या मैत्रिणीला सांगायचा प्रयत्न केला तर सर ओरडले. मी प्रश्न सोडवत होते आणि मनात सारखं बिएट्रिसचं ते सुरीचं आणि चीजचं आठवत होतं, तिला टेस्टमध्ये दोन टोपल्या दाखवतात आणि म्हणतात निवड, ती म्हणते का निवडू, आणि मग पुढे कुत्रा अंगावर येतो.

घरी तेव्हा रोज एकच विषय. बाबा म्हणायचे सायन्स घे, सायन्सनंतर सगळीकडे जाता येतं, पण दुसरीकडून सायन्सला येता येत नाही. आई काही म्हणायची नाही पण तिलाही तेच वाटायचं. मला काय हवंय हे मलाच माहीत नव्हतं, म्हणून तो निवडीचा प्रसंग मी किती वेळा वाचला त्याला मोजदाद नाही. पाच भांडी ठेवलेली असतात. ॲब्निगेशनचे करडे दगड, ॲमिटीची माती, कँडरची काच, एर्युडाइटचं पाणी आणि डॉन्टलेसचे पेटते निखारे. हाताला सुरीने कापायचं आणि ज्या भांड्यात रक्त पडेल तो तुझा गट. आधी भाऊ केलेब जातो, ज्याला सगळे आदर्श मुलगा समजतात, आणि त्याचं रक्त पाण्यात पडतं. म्हणजे आईबाबांना एक धक्का बसून झालाय. आता हिने तरी घरी राहायला हवं ना? ती हात पुढे करते, दगड आणि निखारे यांच्या मधे, आणि मग निखाऱ्यांवर रक्ताचा चर्र आवाज. त्या आवाजापाशी मी प्रत्येक वेळी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसायचे.

पहिल्या पुस्तकाने मला जे दिलं ते हेच. टेस्ट काहीही म्हणो, हात तुझा आहे. आणि माणूस एकाच डब्यात मावत नाही. डॉन्टलेसमध्ये तिला शिकवणारा आणि पुढे तिचं प्रेम झालेला फोर, त्याच्या पाठीवर पाचही गटांची चिन्हं गोंदलेली असतात, तो म्हणतो मला शूरही व्हायचंय आणि निःस्वार्थीही आणि हुशारही आणि दयाळूही आणि प्रामाणिकही. ते वाक्य मी कंपासच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं होतं, पेन्सिलने.

शिकागो कुठे आहे हेही मला धड माहीत नव्हतं. रविवारी बाबांचा फोन घेऊन मॅपवर सगळं शोधलं. कँडरवाल्यांचं ठाणं असलेलं मर्सिलेस मार्ट म्हणजे खरंतर नदीकाठची मर्चंडाइज मार्ट नावाची प्रचंड इमारत, मिलेनियम पार्कमधलं ते बीन नावाचं चकचकीत शिल्प, हँकॉक बिल्डिंग जिच्यावरून ते झिपलाइन करतात, आणि नेव्ही पियरचा फेरिस व्हील ज्यावर ट्रिस (डॉन्टलेसमध्ये गेल्यावर बिएट्रिसने घेतलेलं नाव) आणि फोर रात्री चढतात. तो व्हील फोटोत बघून मी फार खूश झाले होते, नंतर कळलं की जुना पाळणा २०१५ मध्येच काढला आणि मी बघितला तो नवा. तरी मला चालला. एका पुस्तकामुळे मी न बघितलेल्या शहराचे रस्ते ओळखायला लागले होते, आणि हे आजही मी त्या पुस्तकाचं देणं मानते.

बोर्ड संपल्यावर आईने विचारलं काय हवं, मी उरलेली दोन पुस्तकं मागितली. दुसरं, इन्सर्जंट, दोन दिवसांत संपलं. त्यावर फार बोलत नाही, पळापळ जास्त आहे, या गटाकडून त्या गटाकडे, पण एक गोष्ट जबरदस्त आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी सिम्युलेशनच्या, म्हणजे सिरम टोचून डोक्यावर मिळवलेल्या ताब्याच्या, अमलाखाली गेलेल्या विलला, म्हणजे स्वतःच्या मित्राला, ट्रिसने गोळी घातलेली असते, आणि दुसऱ्या पुस्तकात तिला बंदूक हातात धरवत नाही. हात थरथरतात. ती शूर वगैरे काही राहिलेली नाही, आणि लेखिका तिला लवकर बरीही करत नाही. किती पुस्तकांत हीरो दहा जणांना मारून पुढच्या पानावर जेवायला बसतो, इथे एक गोळी अख्खं पुस्तक पुरते. त्यामुळे तिसऱ्याकडून माझ्या अपेक्षा आभाळाला भिडलेल्या.

अलिजंट मी मामाकडे वाचलं, संगमेश्वरजवळ. मे महिना, दुपारची वेळ, मामीने आंब्याचं साठ ताटांतून अंगणात वाळत घातलेलं आणि कावळे हाकलायला मला पडवीत बसवलेलं. सगळे झोपलेले.

सुरुवातीलाच काहीतरी खटकलं. पहिली दोन पुस्तकं ट्रिस सांगते, इथे एक प्रकरण ट्रिस, एक टोबायस, म्हणजे फोर. हरकत काहीच नव्हती, पण दोघं एकाच आवाजात बोलतात. मला चारचार पानं वाचून मागे जाऊन प्रकरणाच्या डोक्यावरचं नाव बघायला लागत होतं की आत्ता कोण बोलतंय. फोर पहिल्या पुस्तकात कसा होता? कमी बोलणारा, आतलं काही बाहेर न दाखवणारा. इथे तो ट्रिससारखाच विचार करतो, त्याच लयीत. ज्या माणसाच्या मनात काय चाललंय याची दोन पुस्तकं उत्सुकता होती, ते मन उघडून दाखवलं आणि आत दुसरी ट्रिसच निघाली. आणि मनात पाल पण चुकचुकली, की अचानक दुसऱ्या माणसाची गरज का पडली गोष्ट सांगायला.

मग ते कुंपणाबाहेर जातात, ओहेअर एअरपोर्टवर, तिथे ब्युरो ऑफ जेनेटिक वेल्फेअर. आणि इथे माझं मन खरं उतरलं. कळतं काय, तर शिकागो हा एक प्रयोग. फार पूर्वी सरकार माणसांचे जीन्स सुधारायला गेलं आणि बिघडवून बसलं, मग लोकांना शहरांत कोंडून पिढ्यानपिढ्या वाट बघितली की जीन्स आपोआप बरे होतील. आणि डायव्हर्जंट म्हणजे? ज्यांचे जीन्स बरे झालेत ते. संपलं.

मी पुस्तक खाली ठेवलं. निखाऱ्यांवर पडलेल्या त्या रक्ताचं काय मग? दोन पुस्तकं मी हेच धरून बसले होते की ही मुलगी एका डब्यात मावत नाही कारण ती माणूस आहे, आणि तिसरं पुस्तक म्हणतं की नाही, तिच्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. मान्य आहे की ब्युरोवाले जे शुद्ध जीन्स आणि बिघडलेले जीन्स असा भेद करतात ते चूक आहे असंच लेखिकेलाही म्हणायचंय, ट्रिस तसं बोलतेही. पण बोलून काय होतं, टेस्टचं उत्तर तीन का आलं, सिरम तिच्यावर का चालत नाही, या सगळ्याचं कारण म्हणून गोष्टीत शेवटी जीन्सच उभे केलेत ना. आणि फोर! त्याला सांगतात तू डायव्हर्जंट नाहीसच, तू बिघडलेल्यांतला. आणि ज्याने बापाचा पट्टा सहन केला, ज्याला चारच भीत्या म्हणून नाव फोर पडलं, तो एका रिपोर्टने कोसळतो, भलत्या लोकांच्या नादी लागतो आणि त्यातून स्फोट होऊन मित्राचा, युरायाचा, जीव जातो. माणूस रिपोर्टने हलतो हे मी समजू शकते. पण तो परत उभा कसा राहिला हे तरी नीट दाखवायचं, ते घाईघाईत उरकलंय.

शेवट माहीतच असेल. हत्यारांच्या लॅबमध्ये जायचं असतं, आत डेथ सिरम, जाणारा परत येणार नाही. केलेब तयार होतो, कारण त्याने बहिणीला दगा दिलेला असतो. ऐनवेळी ट्रिस त्याच्या जागी जाते. डेथ सिरममधून वाचते आणि आत बसलेला ब्युरोचा प्रमुख डेव्हिड तिला गोळी घालतो. मरताना तिला आई दिसते. पुढचं प्रकरण टोबायसचं.

मी ते नाव बघून पान मागे उलटलं, परत पुढे, परत मागे. कावळ्यांनी दोन ताटं उचकटली होती, मामी बाहेर येऊन ओरडणार तेवढ्यात तिने माझा चेहरा बघितला. "अगं काय झालं? कुणाचा फोन आला का?" मी म्हटलं, "नाही गं मामी, पुस्तकातली मुलगी मेली." तिला काय वाटलं असेल देव जाणे, ती काही न बोलता माझ्या शेजारी बसली, ताटातला उचकटलेला भाग बोटाने सारखा करत, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "असू दे, रडून घे."

तेव्हा माझा राग फक्त मरणावर होता. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये पुस्तक आलं तेव्हा हजारो वाचक असेच चिडले होते हे मी नंतर वाचलं आणि वाटलं मी एकटी नाही. सिनेमावाले तरी शेवट बदलतील म्हणून वाट बघत बसले. तर तिसऱ्या पुस्तकाचे त्यांनी दोन भाग केले, पहिला २०१६ च्या मार्चमध्ये येऊन पडला आणि शेवटचा निघालाच नाही. म्हणजे पडद्यावर ट्रिस अजून जिवंत आहे, पण तो काही शेवट नव्हे, ते अर्धवट सोडलेलं काम.

जूनमध्ये माझा कलचाचणीचा रिपोर्ट हातात आला. दोन रकाने जवळपास सारखे होते. बाबा म्हणाले यावरून काय कळतं, काहीच नाही. मी तो कागद घेऊन बराच वेळ बसले होते आणि सहा महिन्यांपूर्वी मला जो आनंद झाला असता तो झाला नाही, कारण आता डोक्यात डायव्हर्जंट शब्दाला लॅबचा वास येत होता. शेवटी सायन्सच घेतलं. त्याचं मला दुःख नाही, नीट चाललंय माझं.

गेल्या वर्षी मी तिन्ही पुस्तकं परत वाचली. पुण्यात नोकरी करते, आजारपणात आठवडाभर घरी होते. मधल्या काळात लेखिकेने शेवटाबद्दल जे लिहिलं होतं तेही वाचलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला पटलं. दुसऱ्या पुस्तकात ट्रिस एर्युडाइटकडे मरायला जाते ती अपराधी वाटत असतं म्हणून, आणि तिथे तिला कळतं की आपल्याला जगायचंय. तिसऱ्यात तिला जगायचं असतं, प्रेम असतं, उद्या असतो, तरी ती जाते, भावासाठी. आईवडिलांनी तिच्यासाठी जे केलं तेच. निखारे निवडलेली मुलगी शेवटी दगडांच्या भांड्यापर्यंत आली. यात खोट नाही. मरण मला आता मान्य आहे.

पण परत वाचताना दुसरंच दिसलं, जे सोळाव्या वर्षी रडण्याच्या भरात निसटलं होतं. ती लॅबमध्ये जाते कशाला? मेमरी सिरम सोडायला. ब्युरो शिकागोतल्या सगळ्यांची स्मृती पुसणार असते, तर हे लोक आधीच ब्युरोतल्या सगळ्यांची पुसतात. सगळ्यांची म्हणजे डेव्हिडची एकट्याची नाही, त्या कंपाउंडमधला प्रत्येक माणूस, शास्त्रज्ञ, कारकून, गार्ड. आपण आजवर काय मानत होतो ते सगळं गेलं, आणि मग नवीन शिकवायचं, आपल्याला बरोबर वाटतं ते.

थांबा जरा. पहिल्या पुस्तकात एर्युडाइटची प्रमुख जनीन हिने डॉन्टलेसना सिरम टोचून त्यांच्या डोक्याचा ताबा घेतला तेव्हा ती राक्षसीण होती ना? बरोबरच होतं ते. मग माणसाच्या डोक्यात त्याला न विचारता हात घालणं हा पहिल्या पुस्तकाचा गुन्हा तिसऱ्या पुस्तकाचा उपाय कसा झाला? बरं, वेळ कमी होता, दुसरा मार्ग नव्हता, ठीक. पण मग पुस्तकाने त्याचं ओझं तरी वाहायचं. एका विलसाठी ट्रिसचे हात अख्खं पुस्तक थरथरले होते. इथे अख्ख्या कंपाउंडची आयुष्यं पुसली आणि शेवटच्या पानांत सगळे छान नवीन शिकागो बांधतायत.

आणि सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, तर लेखिकेला हे माहीत होतं. ट्रिस गेल्यावर टोबायस स्वतःच मेमरी सिरम प्यायला निघतो, दुःख सहन होत नाही म्हणून, आणि ट्रिसची मैत्रीण क्रिस्टिना त्याला अडवते. का अडवते? कारण ते प्यायल्यावर ट्रिसचं ज्याच्यावर प्रेम होतं तो माणूसच उरणार नाही. म्हणजे स्मृती पुसणं हे जवळजवळ मारण्यासारखं आहे हे तिथे स्वच्छ लिहिलंय. मग ब्युरोतल्या त्या शेकडो लोकांवर कुणाचंच प्रेम नव्हतं का?

त्याच्या जरा आधीचा एव्हलिनचा प्रसंग तर मी परत परत वाचते. तिकडे ट्रिस लॅबमध्ये आणि इकडे टोबायस शिकागोत, खिशात सिरमची बाटली घेऊन आईसमोर उभा. ही आई लहानपणी त्याला मारकुट्या बापाकडे सोडून गेलेली, मेल्याचं नाटक केलेली, आता शहराची हुकूमशहा. एक घोट पाजला की नवीन आई मिळेल, प्रेमळ, कशाचीच आठवण नसलेली. युद्ध थांबेल. तो ती बाटली वापरत नाही. तिला विचारतो की सत्ता हवी का मी हवा, तू ठरव. आणि ती बाई, सगळं आठवत असताना, शहर सोडून देते आणि मुलाला जवळ घेते.

हे पहिल्या पुस्तकातलं पाच भांड्यांचं सभागृह आहे. हात तुझा, निवड तुझी, आणि निवडताना तू पूर्ण शुद्धीत. फोर तिथे फोर वाटतो, त्याचा आवाजही वेगळा ऐकू येतो. पंचवीस वर्षांची होती रॉथ हे पुस्तक आलं तेव्हा, अडीच वर्षांत तीन पुस्तकं आली होती, मीही आता साधारण त्याच वयाची आहे आणि मला कळतं की एवढ्या घाईत सगळं सांभाळणं सोपं नसणार. पण जी लेखिका हा प्रसंग लिहू शकते, तिने त्याच रात्री काही मैलांवर ट्रिसच्या हातात ते सिरम का दिलं, हे मला अजून कळलेलं नाही.